माइनस चोवीस

ज्या पोराचं आठवीचं गणित रंजिता मॅडमकडे यायचं, त्याच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीतच कुजबुज सुरू व्हायची. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याकडच्या त्या शाळेत आठवीचे दोन वर्ग होते. ‘ब’ला शिकवणारे सर मोकळ्या हाताचे. पेपर कोरा सोडला नाही म्हणजे पास, असा त्यांचा हिशेब. ‘अ’ला रंजिता मॅडम. जूनमध्ये शाळा उघडली की चार-पाच पालक बड्या सरांच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या, खोलीबाहेर उभे असायचे, “आमच्या पोराला ‘ब’मध्ये टाका” म्हणायला. मॅडम त्यांच्या समोरूनच हजेरी घेऊन वर्गात जायच्या. त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे त्या लपवायच्याही नाहीत.

पहिल्याच तासाला त्या मुलांना आपले नियम सांगून टाकत. वर्गात त्या हिंदी-मराठी मिसळून बोलायच्या, मधल्या सुट्टीत नुसती मराठी, आणि चिडल्या म्हणजे थेट माहेरची, फोपनारची बोली तोंडात यायची.

“नुसतं उत्तर लिहिलं, तर अर्धेच नंबर. कसं काढलं ते पायरी पायरीनं लिहिलं आणि शेवटी बेरीज चुकली, तरी मी फार कापणार नाही. पेपर बिघडला तर तोच धडा पुन्हा लिहिता येईल, दोनदा, तीनदा, कितीदाही, आणि शेवटचे नंबर तेच खरे. फक्त त्याआधी फळ्यापाशी उभं राहून सांगायचं की मागच्या वेळी कुठं चुकलं.”

जुलैच्या पहिल्या पेपरात निम्मा वर्ग आपटायचा. घरोघरी रडारड व्हायची, आणि मग दुपारी शाळा सुटल्यावर ‘अ’च्या वर्गात पुन्हा पेपर लिहायला बसलेली पोरं दिसायची. कंसाबाहेरचं माइनस आतल्या दुसऱ्या पदाला लावायचं विसरलो, हे फळ्यापाशी उभं राहून सांगताना सुरुवातीला पोरांची जीभ अडखळायची. दिवाळीपर्यंत ती खडखडीत बोलायला लागत. “मॅडम, मी इथं घाई केली,” असं म्हणून खडूनं स्वतःच्याच चुकीभोवती गोल काढत.

हा कडकपणा मॅडमना कोणी शिकवला नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आला होता.

फोपनारला त्यांचे वडील उखर्डू केळी लावायचे, अजूनही लावतात. गावच्या शाळेत रंजिता आठवीला पहिली आली तेव्हा उखर्डूंनी बुऱ्हाणपूरहून मावा जिलबी आणून अख्ख्या गल्लीत वाटली होती. गणितात तर मास्तरांनी पोरीला ओंजळीनं मार्क दिले होते. मास्तर स्वभावाने गोड, कोणाचं मन मोडायचं नाही असं त्यांचं ब्रीद. पुढं नववीला तिला शहरात, बुऱ्हाणपूरच्या लालबागेत मनकर्णा मावशीकडे ठेवलं. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात गणिताच्या बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावलं. गावातून पहिली आलेली मुलगी म्हणून मोठ्या कौतुकानं बोलावलं. फळ्यावर एक साधा कंस होता, दोन पदांचा, वर वर्गाचं चिन्ह. तो उघडायचा होता.

रंजितानं पहिल्या पदाचा वर्ग लिहिला, अधिक, दुसऱ्या पदाचा वर्ग. मधलं पद काही तिला सुचलं नाही, कारण मध्ये काही असतं हेच तिला माहीत नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. “बैठ जाओ, बेटा,” म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलीला बोलावलं.

घरी येऊन ती मावशीच्या मागच्या अंगणात बसून राहिली. येत नाही, याचं वाईट वाटणं वेगळं. आपल्याला येत नाही हे आपल्यालाच माहीत नव्हतं, याची भीती त्याहून मोठी होती. वर्षभर मार्कांनी तिला खोटं सांगितलं होतं, आणि तिनं ते जिलबीसकट गोड मानून घेतलं होतं. मग तिनं मावशीच्या शेजाऱ्यांकडून सहावीपासूनची पुस्तकं मागून आणली आणि अपूर्णांकांपासून सुरुवात केली. दिवसा नववीचा अभ्यास, संध्याकाळी सहावीचा. मार्चमध्ये ती पास झाली, बेताच्याच मार्कांनी. पण त्यातला एकेक मार्क तिचा होता. पुढं बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, वीज कंपनीच्या ऑफिसातल्या प्रशांतशी लग्न होऊन बुऱ्हाणपूरचीच झाली. पण फुकटचा मार्क हा पोरांवर केलेला उपकार नसून दगा आहे, हे त्या लालबागेच्या अंगणात जे तिच्या मनात बसलं, ते कायमचं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी ‘अ’च्या वर्गात मोनाली नावाची मुलगी होती. तापीपलीकडच्या जैनाबादची. रोज सायकलीवर पूल ओलांडून यायची. बापाची, धर्मेंद्रची, थोडी केळी, थोडा कापूस. मोनालीचं डोकं विलक्षण चालायचं. मॅडम समीकरण फळ्यावर लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार. पण लिहायचा भारी कंटाळा. पेपरात प्रश्नाचा नंबर, पुढं उत्तर, संपलं. सगळी उत्तरं बरोबर, आणि मार्क निम्मे.

दुसऱ्या पेपरानंतर धर्मेंद्र शाळेत आला. शेतातूनच आला होता. केळीच्या चिकाचे काळे डाग शर्टावर तसेच होते. पेपर त्यानं टेबलावर ठेवला.

“मॅडम, माझ्या पोरीचं एकबी उत्तर गलत नाही. मी शिकलेल्या माणसाकडून तपासून आणलं. मग नंबर काहून काटले?”

“उत्तरं बरोबर आहेत, धर्मेंद्रभाऊ. ती कशी काढली ते तिनं लिहिलं नाही.”

“उत्तर बराबर आहे, तर कसं काढलं त्याच्याशी काय मतलब?”

“आज बरोबर आहे. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी कुठं चुकलं हे ती कसं शोधणार? डोक्यात केलेलं पुन्हा वाचता येत नाही. आणि समोरच्याला पटवायचं म्हटलं तर काय दाखवणार?”

धर्मेंद्रला ते पटलं नाही. “मी पोरीले ‘ब’मध्ये टाकतो,” असं म्हणून तो बड्या सरांकडे निघालाही. दाराशी मोनाली उभी होती. तिनं बापाचा हात धरला.

“मी नाही जात ‘ब’मध्ये.”

“अगं, पण हितं तुले अर्धे नंबर देते.”

“देऊ दे. मी पूर्ण घेऊनच दाखवते.”

दुसऱ्या दिवसापासून ती इतक्या पायऱ्या लिहायला लागली की मॅडमना हसू आवरेना. पाच आणि तीन मिळवायचे तरी एक ओळ खर्ची घालायची. तो सरळसरळ हट्ट होता, वहीभर लिहून काढलेला. हट्टानं का होईना, पोरगी लिहिते आहे, एवढं त्यांना पुरे होतं. हळूहळू जास्तीच्या ओळी गळाल्या आणि गरजेच्या तेवढ्या उरल्या.

जानेवारीत वार्षिक परीक्षेआधीचा मोठा सराव पेपर होता. आठवीचे वार्षिक पेपर शाळेत तपासत नाहीत, बाहेर दुसरेच शिक्षक तपासतात. म्हणून या सराव पेपराला मॅडम फार जपायच्या. पण त्याच आठवड्यात त्यांच्या नणंदेचं, शीतलचं, लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. पेपर काढला तो हळदीच्या गडबडीत, आणि तपासले तेही पाहुण्यांच्या चहापाण्यातून वेळ काढून. सातवा प्रश्न येईपर्यंत त्या थकायच्या. बाकीचे प्रश्न त्यांनी नेहमीसारखे ओळ न ओळ वाचले. सातव्याचं मात्र नुसतं शेवटचं उत्तर पाहिलं. चोवीस असेल तर बरोबर, नसेल तर फुली.

सातवा प्रश्न असा होता: दादाजींचं (आजोबांचं) वय पोतीच्या (नातीच्या) वयाच्या तिप्पट आहे, आठ वर्षांनी ते तिच्या वयाच्या चौपट होईल, तर पोतीचं आजचं वय काढा.

पेपर परत दिले त्या दिवशी वर्ग खुशीत होता. सातवा बहुतेकांचा बरोबर आला होता. मोहित, जो नेहमी पहिल्या दोघांत असायचा, त्याला तर जवळजवळ पूर्ण मार्क होते. मोनालीच्या सातव्यावर लाल फुली होती. तिनं पेपर दोनदा उलटून पाहिला आणि उभी राहिली.

“मॅडम, सातवा प्रश्न.”

“काय झालं?”

“माझं माइनस चोवीस आलंय. ते बरोबर आहे.”

मागच्या बाकावर हशा पिकला. “पोती अभी पैदा ही नहीं हुई क्या?” कोणीतरी म्हणालं.

“तेच तर,” मोनाली न वळता म्हणाली. “मी खाली लिहिलंय ते.”

मॅडमनी पेपर हातात घेतला. सगळ्या पायऱ्या होत्या, एकाखाली एक, बरोबरची चिन्हं सरळ रेघेत. शेवटी x बरोबर माइनस चोवीस. त्याखाली हिंदीत एक ओळ होती: वय ऋण असू शकत नाही, म्हणून असे दादा-पोती असूच शकत नाहीत, प्रश्नात चूक आहे.

मॅडम फळ्याकडे वळल्या आणि समीकरण मांडलं. तीन x अधिक आठ, बरोबर, चार गुणिले कंसात x अधिक आठ. कंस उघडला. दोन्ही बाजूंतून चार x काढले, आठ काढले. डावीकडे उरलं माइनस x, उजवीकडे चोवीस.

खडू तिथंच थांबला. त्यांनी मोहितचा पेपर मागितला. त्याच्याही पेपरात माइनस x बरोबर चोवीसपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या ओळीत x बरोबर चोवीस.

“मोहित, इथलं माइनस कुठं गेलं?”

मोहित खाली बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, उम्र माइनस में कैसे आएगी? तो हटा दिया.”

“प्रश्न चुकला असेल असं नाही वाटलं?”

“लगा मेरी ही गलती होगी. पेपर तो आपने बनाया था.”

मॅडमनी आणखी दोन-तीन पेपर उघडून पाहिले. सगळीकडे तेच. शेवटच्या ओळीपर्यंत माइनस इमानदारीनं येत होतं आणि तिथून गायब होत होतं. मोनाली अजून उभीच होती. तिनं विचारलं, आणि त्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं:

“मॅडम, तुम्ही पायऱ्या वाचल्या नाहीत का?”

रंजिता मॅडमचे कान तापले. ‘प्रश्न रद्द, पुढं चला’ म्हटलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. तास संपायलाही फार वेळ नव्हता. पण त्यांच्याच पोरांपैकी कितीतरी जणं त्या फळ्यापाशी, त्याच जागेवर उभी राहिली होती, आणि चूक सांगितल्याशिवाय एकालाही त्यांनी जागेवर बसू दिलं नव्हतं.

मॅडम वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“माझ्या दोन चुका आहेत. पहिली, मला ‘आठ वर्षांपूर्वी’ लिहायचं होतं, मी ‘आठ वर्षांनी’ लिहिलं. आठ वर्षांपूर्वी चौपट असते, तर पोती आज चोवीसची आणि दादाजी बहात्तरचे. माझ्याकडचं उत्तर त्या प्रश्नाचं होतं. ही चूक कोणाकडूनही होईल. दुसरी मोठी आहे. मी तुम्हाला पायऱ्या लिहायला लावते आणि सातव्या प्रश्नाच्या पायऱ्या मी वाचल्याच नाहीत. वाचल्या असत्या तर पहिल्याच पेपरात कळलं असतं. ज्यांनी चिन्ह पुसलं त्यांना मी मार्क दिले, आणि जिनं खरं लिहिलं तिला फुली.”

एवढं बोलून त्यांनी मोनालीच्या पेपरावरची फुली खोडली, पूर्ण मार्क दिले आणि शेजारी सही केली. मोनाली खाली बसली. शेजारच्या पल्लवीनं तिला कोपरानं ढोसलं, तरी ती समोरच बघत राहिली. पण तिचे डोळे चमकत होते, आणि ते मॅडमना फळ्यापासून दिसत होतं. तेव्हा त्यांच्या मनात जे आलं ते शरमेचं नव्हतं. ती पोरगी आपल्या वर्गात शिकली, असं त्यांच्या मनात आलं.

बड्या सरांना, म्हणजे नंदकुमार सरांना, ही गोष्ट मधल्या सुट्टीच्या आत कळली.

“मॅडम, सोपं आहे,” ते म्हणाले. “प्रश्न चुकीचा होता ना? सगळ्यांना त्याचे पूर्ण नंबर देऊन टाका. पोरं खूश, पालक खूश.”

“सर, मग मोनालीला काय मिळालं? तिला पूर्ण आणि चिन्ह पुसणाऱ्यांनाही पूर्ण?”

“अहो, पण चूक तर तुमची आहे. पोरांचे नंबर कसे काटता?”

“काटत नाही. तो प्रश्न मी बाकी सगळ्यांच्या बेरजेतून काढते, कोणाचं नुकसान नाही. पण नंबर हवे असतील तर पुन्हा लिहायचं. समीकरण न मांडता मला पटवून द्यायचं, की असं कधीच का होऊ शकत नाही.”

“पालक आले तर?”

“माझ्याकडे पाठवा.”

नंदकुमार सरांनी मान हलवली. ती होकाराची की वैतागाची, हे कळलं नाही. पण त्यांनी अडवलंही नाही.

दोन दिवस ‘अ’च्या वर्गात दुसरा विषय नव्हता. पोरं घरी आजोबांची वयं विचारत होती, काका-पुतण्यांची जोडी लावून बघत होती. सगळ्यात आधी हात वर केला मोहितनं. मार्क गेल्यानं तो दोन दिवस नीट जेवला नव्हता, असं त्याच्या आईनं फोनवर सांगितलं होतं. तो फळ्यापाशी आला, पण खडू घेतला नाही.

“मॅडम, मी एक वर्षाचा होतो तेव्हा पप्पा तीस वर्षांचे होते. माझ्या तीसपट. आता मी तेराचा आहे, तर जेमतेम तिप्पट राहिलेत. पप्पा जितके बढतात तितकाच मी पण बढतो, तर पट कमीच होत जाणार. तिप्पटचं पुढं चौपट होणारच नाही. आधी होऊन गेलेलं असेल.”

पाठ्यपुस्तकात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि मॅडमनी शिकवलंही नव्हतं. मग म्हणाल्या, “आणि पेपरात चिन्ह का पुसलं?”

“उत्तर चांगलं दिसावं म्हणून.”

“पुन्हा पुसशील?”

“नाही मॅडम. आधी प्रश्न परत वाचीन.”

त्याला पूर्ण मार्क मिळाले. इतरांनीही आपापल्या परीनं लिहून आणलं. काहींचं पटलं, काहींना पुन्हा धाडलं.

महिन्याअखेर पालकांची सभा झाली. धर्मेंद्र यावेळी धुतलेला शर्ट घालून आला होता. टेबलासमोर उभा राहून बराच वेळ रुमाल चोळत राहिला.

“मॅडम, पोरीनं भर वर्गात तुमची गलती काढली म्हणे. माफ करा. लहान आहे, तिले समजत नाही.”

“बसा आधी,” रंजिता मॅडम म्हणाल्या. “माफी कशाची मागता? सगळा वर्ग हसत होता, तरी ती उभी राहिली. बरं, नुसती बोलली नाही, एकेक ओळ लिहिलेली दाखवली. म्हणून मला मान्य करावं लागलं. नुसतं उत्तर लिहिलं असतं, तर मी तिला खालीच बसवलं असतं.”

मागच्या खेपेचं भांडण धर्मेंद्रला आठवलं असावं, कारण तो ओशाळून हसला. मग उठला आणि दाराबाहेर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या पालकांना मॅडमना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगू लागला, “ते माइनस चोवीसवालं आहे ना, ते आमच्या मोनालीचं.”

वार्षिक परीक्षा झाली. पेपर बाहेर गेले, अनोळखी हातांनी तपासले. निकाल लागला तेव्हा ‘अ’च्या वर्गाचे गणिताचे आकडे नंदकुमार सरांनी दोनदा तपासून घेतले. मोनाली आणि मोहित वर होतेच, पण मॅडमची बोटं अडकली ती पल्लवीच्या नावावर. या पोरीनं वर्षभरात जवळजवळ प्रत्येक पेपर पुन्हा लिहिला होता, काही तर तीनदा, आणि दर वेळी फळ्यापाशी उभी राहून रडवेल्या आवाजात आपली चूक सांगितली होती. ती पहिल्या श्रेणीत आली होती. दगा नावाचा एक पोरगा तेवढा नापास राहिला. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याची शाळा फार बुडाली होती. मॅडमनी त्याला मे महिन्यात घरी बोलावून शिकवलं. फोपनारला माहेरी चार दिवस जायचं ठरलं होतं, ते पुढं ढकललं. आई मालूबाई फोनवर रुसली, “पोरगी माहेर विसरली,” म्हणाली. दगा पूरक परीक्षेत पास झाला, तेव्हा मॅडमनी पहिला फोन आईलाच केला. मालूबाईला दगा कोण ते माहीत नव्हतं, तरी ती म्हणाली, “बरं झालं माय, पोराचं वरीस वाचलं.”

जूनमध्ये शाळा उघडली. नंदकुमार सरांनी मॅडमना खोलीत बोलावलं. बाहेर पालक उभे होते, नेहमीसारखेच.

“या वर्षी सातवीचं गणितही तुम्ही घ्या,” सर म्हणाले.

“सर, आठवीच पुरे होते मला. पेपर तपासता तपासता डोळे जातात.”

“मी नाही म्हणत. हे बाहेर उभे आहेत ना, त्यांचं म्हणणं आहे. आठवीत गेल्यावर एकदम जड जातं, सातवीपासूनच सवय लागू द्या म्हणतात.” सरांनी चष्मा काढून पुसला. “दोघं तर ‘ब’मधून ‘अ’मध्ये घ्या म्हणून आलेत. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.”

घरी प्रशांतना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आता लग्नसराईत आपल्या घरी कोणी यायचंच नाही.”

“यायचं,” रंजिता म्हणाल्या. “पण पेपर तपासून झाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी त्या सातवीच्या वर्गात गेल्या. पोरं जरा घाबरलेली, ताठ बसलेली. मॅडमनी फळ्यावर एक छोटंसं समीकरण लिहिलं आणि नियम सांगायला सुरुवात केली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

“मॅडम, हे सोडवून झालं. पण उत्तर बरोबर आहे की नाही, हे तुम्ही सांगायच्या आधी मला कसं कळणार?”

रंजिता मॅडमनी नियम तिथंच थांबवले आणि खडू तिच्यापुढं धरला.

“ये,” त्या म्हणाल्या. “तेच बघू या आज.”